अभिजात साहित्याचं विश्लेषण करताना या चुका टाळा

'सुधाकर हा बुद्धिमान, मानी, पण व्यसनाधीन नायक आहे.' 'एकच प्याला'वरची कितीतरी टिपणं या वाक्यानं सुरू होतात आणि अशाच आणखी चार वाक्यांनी संपतात. वाक्यात खोटं काही नाही. अडचण एवढीच, की नाटक न वाचताही ते लिहिता येतं.

व्यक्तिरेखेला विशेषणं चिकटवत सुटणं ही या कामातली सगळ्यात सर्रास चूक. विशेषणं बाजूला ठेवा आणि त्या माणसानं काय केलं ते लिहून काढा. कधी केलं, तेही. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती रद्द होते, आणि तो अपमान डोक्यात घेऊन बसलेल्या माणसापुढे दारुडा तळीराम पेला धरतो. पहिला घोट चैनीसाठी नाही, अपमान विसरण्यासाठी आहे. एवढं लक्षात आलं की वरच्या वाक्यातला 'पण' टिकत नाही. सुधाकर मानी आहे म्हणूनच व्यसनात सापडतो. आता लिहायला काहीतरी हाती लागलं. हा मानीपणा पुढे त्याला कुठे सावरतो, कुठे आणखी खाली ढकलतो, बायकोशी, सिंधूशी, वागताना त्याचं काय होतं? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधायला कुठला ना कुठला प्रवेश उघडावा लागतो.

कथानक सांगत बसण्याच्या खोडीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सुटत नाही. आपला प्रत्येक परिच्छेद 'त्यानंतर' किंवा 'पुढे'नं सुरू होतोय का, एवढं तपासा. होत असेल, तर तिथे 'कारण' किंवा 'तरीही' घालून वाक्य उभं राहतं का ते बघा.

हे बोलतंय कोण?

पात्राच्या तोंडचं वाक्य लेखकाचं मत म्हणून खपवलं जातं, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका बसलाय शेक्सपिअरला. 'स्वतःशी प्रामाणिक राहा' हा 'हॅम्लेट'मधला उपदेश सुविचारांच्या फळ्यावर त्याच्या नावानं मिरवतो. नाटकात तो पोलोनियस करतो, फ्रान्सला निघालेल्या आपल्या मुलाला, पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. आता दुसरा अंक उघडा. सुरुवातीलाच हा बाप रेनाल्डो नावाच्या नोकराला पॅरिसला पाठवतोय, मुलावर पाळत ठेवायला. वर शिकवणी अशी, की ओळखीपाळखीच्या लोकांपाशी त्याच्याबद्दल थोडं वावगं बोल, म्हणजे खरं काय ते बाहेर येईल. हा प्रवेश वाचल्यावर तो उपदेश ऐकायला वेगळाच लागतो. वाक्य सुंदर आहेच. ते कुणाच्या तोंडी घातलंय यात नाटककाराची खोच आहे.

कादंबरीत हाच घोळ निवेदकाबाबत होतो, आणि तिथे तो पकडणं जास्त कठीण, कारण निवेदक पडद्यामागे असतो. एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) घ्या. हीथक्लिफ क्रूर, कॅथरिन हट्टी, असं आपण बेधडक लिहितो. पण हे आपल्याला सांगितलं कुणी? लॉकवुड नावाच्या परक्या भाडेकरूनं, आणि त्याला नेली डीन या घरातल्या जुन्या बाईनं. नेली शांत, समंजस, संसारी. तिच्यावर विश्वास बसतोच. मात्र नववं प्रकरण सावकाश वाचा. कॅथरिन नेलीपाशी मन मोकळं करतेय. आता हीथक्लिफशी लग्न करणं आपल्याला कमीपणाचं, असं ती म्हणते. बाकाच्या पाठीआड बसलेला हीथक्लिफ तेवढंच ऐकून निघून जातो. आपलं त्याच्यावर केवढं प्रेम आहे हे ती त्यानंतर बोलते. तो उठून जाताना कॅथरिनला दिसत नाही. नेलीला दिसतो. ती दचकते, कॅथरिनला गप्प करते, आणि कारण विचारल्यावर जोसेफ हा नोकर येतोय असं सांगून वेळ मारून नेते.

त्याच रात्री हीथक्लिफ घर सोडतो. कादंबरीतली पुढची सगळी होरपळ या एका क्षणावर उभी आहे, आणि त्या क्षणी गप्प राहिलेली बाईच आपल्याला गोष्ट सांगतेय. नेलीला खलनायिका ठरवावं असं माझं म्हणणं नाही (तसंही लिहिणारे समीक्षक आहेत). पण तिनं दिलेली विशेषणं आपल्या टिपणात जशीच्या तशी उतरवण्याआधी ती तिची आहेत, एवढी नोंद तरी हवी.

नेमकी कोणती शकुंतला?

'दुष्यंतानं शकुंतलेला फसवलं का?' या प्रश्नाचं उत्तर लिहिताना बहुतेक जण दोन वेगळ्या कृती एकत्र कालवतात. महाभारताच्या आदिपर्वात अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. तिथे राजाला सगळं आठवतं आणि तरी तो भर सभेत ओळख नाकारतो. शकुंतला मुलाला घेऊन आलेली आहे, ती खाली मान घालून रडत बसत नाही, राजाला चांगलंच सुनावते. आकाशवाणी झाल्यावर राजा कबूल करतो, की मला ठाऊक होतं, पण नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. कालिदासानं 'शाकुंतल' नाटकात शाप आणि अंगठी आणली. विसरण्याचा दोष राजाकडून काढून शापावर टाकला, असं मग आपण लिहितो आणि मोकळे होतो.

इथेच घाई नडते. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात पोचण्याआधी पडद्यामागून एक गाणं ऐकू येतं. राजाची एक राणी, हंसपदिका, गातेय: आंब्याच्या मोहोराचा रस घेऊन झाल्यावर त्याला विसरून गेलेल्या भुंग्याबद्दल. विदूषक अर्थ विचारतो, तेव्हा राजा सांगतो की हिच्यावर आपण एकदा प्रेम केलं होतं, त्याचा हा टोमणा आहे. आणि तिची समजूत घालायला विदूषकालाच पाठवून देतो. गाण्याचा शापाशी काही संबंध नाही. मग ते नेमकं या जागी का आलं? रवींद्रनाथ टागोरांनी शकुंतलेवरच्या निबंधात याच गाण्याकडे बोट दाखवलं आहे: शापानं जे घडवलं त्याचं बीज राजाच्या स्वभावात होतंच. हे पटो न पटो, गाणं न वाचता दुष्यंताला दोषमुक्त करता येत नाही.

रूपांतरांमुळे होणारा गोंधळ याच जातीचा. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्यानं घडवलेल्या जिवाला नावच नाही, आणि तो मिल्टनचं महाकाव्य वाचतो, आपली बाजू वकिलासारखी मांडतो. सिनेमातला घुमा राक्षस डोक्यात ठेवून लिहिलेलं टिपण दुसऱ्याच कृतीबद्दलचं असतं.

आशयसूत्र म्हणून एकच शब्द

'मॅकबेथ'चं आशयसूत्र काय? महत्त्वाकांक्षा. बरं, तिचं काय? एका शब्दात विषय सांगून होतो, आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं. 'महत्त्वाकांक्षा माणसाचा नाश करते' हे वाक्य आहे खरं, पण ते पाठ्यपुस्तकाखालच्या तात्पर्यासारखं आहे. त्याला मॅकबेथच्या सहकारी सरदाराची, बँकोची कसोटी लावा. चेटकिणींचं भाकीत दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी ऐकलं. मॅकबेथ राजा होईल, बँकोचे वंशज राजे होतील, असं ते होतं. मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो, बँको करत नाही. म्हणजे सज्जन? तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचं त्याचं छोटं स्वगत वाचा. मॅकबेथनं गैरमार्गानं राज्य मिळवलं असा त्याला संशय आहे. तो गप्प आहे, आणि त्याच दमात आपल्या वाट्याच्या भाकिताची आशाही धरून आहे. आता सूत्र बदलायला हवं. खून करणारा आणि त्याचा संशय पोटात ठेवणारा, दोघेही एकाच आशेवर जगताहेत. नाटकाला रस दोघांमधल्या अंतरात आहे. हे अजून कच्चं आहे, पण यावर दोन पानं लिहिता येतील.

आपल्या सूत्राला न जुमानणारं एक पात्र शोधणं, ही मला सगळ्यात उपयोगी पडणारी युक्ती वाटते. असं पात्र सापडलंच नाही, तर सूत्र फार ढोबळ आहे.

तयार साचे वापरतानाही असंच फसायला होतं. शोकांतिकेच्या नायकात एक स्वभावदोष असायलाच हवा, असं शिकून आलेले वाचक ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपसला 'अहंकारी' म्हणून मोकळे होतात. तापट तो आहेच. पण बापाचा खून आणि आईशी लग्न हे भाकीत टळावं म्हणूनच तो जिथे वाढला ते कॉरिंथ सोडतो, ही गोष्ट त्या साच्यात कशी बसवणार?

प्रतीकांबद्दल थोडक्यात: प्रत्येक पाऊस म्हणजे दुःख नसतो. एखादी वस्तू किंवा कृती परत येत असेल, आणि परत येताना तिचा अर्थ बदललेला असेल, तरच तिच्यामागे लागा. डंकनच्या खुनानंतर लेडी मॅकबेथ म्हणते की थोड्या पाण्यानं हे धुऊन निघेल. पाचव्या अंकात ती झोपेत चालत हात चोळत राहते आणि डाग जात नाही. एवढा पुरावा असला की प्रतीक म्हणायला हरकत नाही.

'त्या काळी असंच होतं'

सिंधूच्या पातिव्रत्याबद्दल लिहिताना दोन टोकं दिसतात. एक गट तिला आजच्या कायद्यासमोर उभं करतो आणि नाटक निकालात काढतो. दुसरा म्हणतो, त्या काळी असंच होतं. हे दुसरं उत्तर जास्त आळशी आहे, कारण ते तपासलेलं नसतं. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची, म्हणजे ३७ वर्षं आधीची. पुरुषांनी रचलेल्या पतिव्रताधर्माची त्यात उघड झाडाझडती आहे. तेव्हा 'त्या काळी' एकच मत नव्हतं, भांडण चालू होतं. हे कळलं की प्रश्न नीट विचारता येतो: त्या भांडणात हे नाटक कुठे उभं आहे, आणि सिंधूचं सोसणं ते मिरवतं की त्याची किंमत दाखवतं? माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच ते आजही अस्वस्थ करतं.

लिहिताना अडलात तर

पात्राबद्दल दोन ओळींपुढे काही सुचत नसेल, तर पूर्ण कृतीचा विचार सोडून एकच प्रवेश निवडा आणि कुणाला काय माहीत आहे याची यादी करा. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात प्रेक्षकांना शाप माहीत आहे. राजाला नाही. शकुंतलेलाही नाही, कारण चौथ्या अंकात शाप ऐकला तो अनसूया आणि प्रियंवदा या तिच्या मैत्रिणींनी, आणि तिला त्रास नको म्हणून दोघींनी तो लपवला. त्यामुळे दरबारात समोरासमोर उभी असलेली दोन्ही माणसं आपापल्या परीनं खरं बोलताहेत आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटतोय. एवढ्या यादीतून व्यक्तिरेखाही उलगडते आणि आशयसूत्रही.

मत आहे पण आधार सापडत नसेल, तर बहुधा ते मत दुसऱ्या कुणाच्या समीक्षेतून आलेलं असतं. ते खोडू नका, त्याचं म्हणून नाव देऊन लिहा आणि मग मूळ संहितेत त्याच्याविरुद्ध जाणारी जागा शोधा. आणि संदर्भ देताना पान क्रमांकावर विसंबू नका, आवृत्ती बदलली की पान बदलतं. नाटकाचा अंक आणि प्रवेश, कादंबरीचं प्रकरण लिहिलं, तर तुमच्याशी वाद घालू पाहणाऱ्याला नेमकी जागा लगेच सापडेल.