कुंडीतला ज्युनिपर आतून करडा पडत असेल तर

गच्चीवरचा ज्युनिपर (सुरूसारखं दिसणारं सूचिपर्णी झाड) ऐन उन्हाळ्यात आतून करडा, धुरकट व्हायचा. पाणी वाढवलं, कुंडी बदलली, बुरशीनाशक मारलं; फरक शून्य. जाम वैताग.

सहकारनगरात एका काकूंची बाग बघायला गेलो, तर त्यांनी त्यांच्या झाडाची फांदी पांढऱ्या कागदावर झटकून दाखवली. मिरपुडीएवढे ठिपके चक्क चालू लागले! लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारे बारीक माइट. पुण्याच्या कोरड्या उन्हात त्यांची चंगळ. आठ पायांचे, कीटक नव्हेतच. नेहमीची कीटकनाशकं बहुधा वाया जातात.

आधी आतली वाळकी पानं काढा. सकाळी पाइपने खालून वर जोरात पाणी मारा. ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा पातळ साबण घोटून फवारा. अंडी उरतात, म्हणून दर ५-७ दिवसांनी पुन्हा, कागद कोरा राहीपर्यंत. करडा भाग हिरवा होत नाही. नवे शेंडे बघा.