ग्रिडचा आकडा हाती आहे, तरी वाट का चुकते? या चुका टाळा

एका उन्हाळ्यात मेळघाटात पाणवठा शोधत आम्ही दोन तास भलत्याच नाल्यात फिरलो. ग्रिडचा आकडा, म्हणजे नकाशावरच्या उभ्या-आडव्या रेघांवरून जागा सांगणारा सहा अंकी आकडा, कागदावर बरोबर लिहिलेला होता. वाचणाऱ्या मुलाने आडव्या रेघेचा आकडा आधी धरला, एवढंच. बाटल्यांतलं पाणी संपत आलं तेव्हा कुठे ते लक्षात आलं. तेव्हापासून निघण्याआधी मी प्रत्येकाकडून आकडा मोठ्याने वाचून घेतो.

आधी उभी रेघ, मग आडवी

सहा आकड्यांतले पहिले तीन उभ्या रेघांचे, म्हणजे पूर्वेकडे किती ते सांगणारे. नंतरचे तीन आडव्या रेघांचे, उत्तरेकडे किती ते सांगणारे. ४२६४७८ म्हणजे उभ्या ४२ च्या पुढे सहा दशांश, आडव्या ४७ च्या वर आठ दशांश. हाच आकडा उलटा वाचला तर ४७८४२६ होतो आणि तुम्ही सात किलोमीटरहून जास्त दूर जाता. दोन्ही भागांचे आकडे जवळजवळचे असले की ही चूक लपते, कारण उलटी जागाही त्याच नकाशावर सापडते. फरक मोठा असता तर जागा नकाशाबाहेर गेली असती आणि तुम्ही थांबला असता.

दशांश वाढवून लिहू नका

१:५०,००० च्या नकाशावर एक किलोमीटर म्हणजे २ सेंटिमीटर, आणि एक दशांश म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. ठिपका सहा आणि सातच्या मध्ये, अगदी सातला टेकलेला असला तरी सहाच लिहा. हा आकडा १०० मीटरच्या चौकोनाचा नैऋत्य कोपरा सांगतो, ठिपक्याची नेमकी जागा नाही. शेताच्या धुऱ्यावर १०० मीटरने बिघडत नाही. घनदाट सागवानात बिघडतं.

अंश-मिनिटं आणि दशांश अंश एक नव्हेत

चिखलदरा साधारण २१ अंश २४ मिनिटं उत्तर, ७७ अंश २० मिनिटं पूर्व. मोबाईलमध्ये तेच २१.४० आणि ७७.३३ असं दिसतं. कुणी मिनिटांच्या जागी बिंदू देऊन २१.२४, ७७.२० टाकलं, की जागा २० किलोमीटरपेक्षा जास्त सरकते. एका अंशात मिनिटं ६०, शंभर नव्हेत. मिनिटांना ६० ने भागा, मगच बिंदूनंतर लिहा.

विदर्भाची खास अडचण: ७८ वा रेखांश

यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे (झोन) करून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. तिच्यात ७२ ते ७८ अंश हा ४३ वा झोन, ७८ ते ८४ हा ४४ वा. ही सीमा आपल्या विदर्भाच्या मधूनच जाते. अमरावती ४३ मध्ये, यवतमाळ, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. अमरावतीहून धामणगाव रेल्वेकडे निघालात तर चांदूर रेल्वे सोडल्यावर झोन बदलतो. तिथे पूर्वेचा आकडा सुमारे ८ लाख १२ हजार मीटरवरून एकदम १ लाख ८८ हजारांवर येतो. जीपीएस यंत्र बिघडलं असं समजून लोक ते बंद-चालू करत बसतात. यंत्र ठीक असतं. पूर्ण आकड्याआधी झोन लिहिला नसेल तर तो आकडा अर्धवटच समजा.

जुनी शीट, नवा फोन

जुन्या टोपोशीट (जमिनीचे तपशीलवार नकाशे) एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मोजमापावर बेतलेल्या आहेत; फोन डब्ल्यूजीएस-८४ हे नवं मोजमाप वापरतो. त्यामुळे एकीवरचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर जसेच्या तसे टाकले तर जागा सरकते. शीटच्या कडेला कोणतं मोजमाप छापलंय ते वाचा आणि यंत्रात तेच निवडा. या मोजमापाचं आपल्या भागाशी जुनं नातं आहे. १८०२ मध्ये दक्षिणेतून भारताची जमीन-मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन तिचं काम करतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्याच मोजणीवरून १८३० चा लंबगोल काढला.

वणवा कळवताना

सहा आकडे दर १०० किलोमीटरला पुन्हा येतात. म्हणून नुसते आकडे पाठवू नका. आधी शीटचा क्रमांक, मग आकडे, मग जमिनीवरची खूण: "नाल्याच्या उत्तर काठावर, मोठ्या मोहाजवळ, पांधणीपासून दहा मिनिटं." ऐकणाऱ्याने ते परत वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवू नका.