स्टेशनवर अंध माणसाला मदत करायचीय? आधी विचारा, मग कोपर द्या

ठाणे स्टेशनला एकदा पुलाच्या जिन्यापाशी एक काका पांढरी काठी घेऊन उभे होते, मी काही न विचारता सरळ त्यांचा दंड धरला आणि "चला काका, मी सोडते" म्हणत निघाले. ते जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही मला धरू नका, मी तुम्हाला धरतो." मदत करायची इच्छा आपल्यातल्या खूप जणांना असते, फक्त कशी करायची हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून काकांनी शिकवलेलं आणि नंतर जाता-येता कळलेलं इथे लिहितेय.

पहिल्यांदा बोला. हाताला हलकासा स्पर्श करून "मदत हवीय का?" विचारा, कारण गर्दीत नुसतं विचारलं तर आपल्यालाच विचारतायत की दुसऱ्याला हे त्यांना कळत नाही. नको म्हणाले तर बाजूला व्हा, वाईट वाटून घेऊ नका. रोजचा रस्ता त्यांना पाठ असतो आणि मध्येच कुणी ओढलं की दिशाच चुकते.

हो म्हणाले तर तुमच्या हाताची मागची बाजू त्यांच्या हाताला टेकवा, ते स्वतःच तुमचा हात कोपराच्या वर धरतील. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला, म्हणजे तुम्ही वळलात, थांबलात, पायरी चढलात की ते त्यांना तुमच्या हातातूनच कळतं. काठी मात्र धरून ओढायची नाही, अजिबात नाही. काठीचं टोक त्यांना पुढची जमीन सांगत असतं, खड्डा, कठडा, कुणाची बॅग, सगळं, ती तुम्ही उचललीत की पुढचं काहीच कळत नाही.

जिना आला की क्षणभर थांबून "जिना आलाय, वर चढायचंय" असं सांगा, वर की खाली हे सांगणं फार महत्त्वाचं, आणि शेवटच्या पायरीला "संपला" म्हणा. "इकडे या", "तिथे आहे" याचा त्यांना काही उपयोग नाही, "तुमच्या डाव्या हाताला, तीन पावलांवर" असं बोलायची सवय लावून घ्या, मलाही वेळ लागला.

मुंबईच्या लोकलला दिव्यांगांचा वेगळा डबा असतो आणि तो जिथे थांबतो तिथे बऱ्याच प्लॅटफॉर्मवर बीप बीप वाजत असतं. त्या आवाजापर्यंत सोडलंत तरी पुष्कळ झालं. पण आयत्या वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट झाली आणि सगळी गर्दी पळत सुटली की खरी पंचाईत होते, तेव्हा एक मिनिट थांबून "गाडी पलीकडे येतेय, येता का माझ्याबरोबर?" एवढं विचारा. गाडीत चढताना मागून ढकलायचं नाही, दाराच्या दांड्यावर त्यांचा हात ठेवून द्यायचा आणि फट किती आहे ते सांगायचं. पुढचं ते बघतात.

स्टॉलवर सुट्टे देताना "हे शंभर, हे पन्नास" असं म्हणत एकेक नोट हातात द्या. शंभरच्या नोटेच्या कडेला 4 आणि पाचशेच्या कडेला 5 उठावदार रेघा असतात पण नोट जुनी झाली की त्या बोटाला नीट लागत नाहीत.

आणि प्लॅटफॉर्मवरच्या त्या पिवळ्या खडबडीत लाद्या! लांब रेघा म्हणजे सरळ चला, गोल टिकल्या म्हणजे थांबा किंवा सावध व्हा. तिथे बॅग ठेवू नका, घोळका करून उभे राहू नका, बास, ह्याला तर एक पैसा पण लागत नाही.

निघताना "मी जाते आता, तुमचं तोंड पुलाकडे आहे, गाडी उजवीकडून येईल" असं सांगूनच निघा. मी एकदा न सांगता निघाले होते, दहा पावलांवर मागे वळून पाहिलं तर त्या बाई अजून माझ्याशीच बोलत होत्या.