गावच्या पिकाला जीआय मिळवायचाय? आधी चवीचं कारण लिहा

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन: जागेमुळे खास गुण आलेल्या मालाच्या नावाची सरकारी नोंद. त्यासाठी आधी संघटना नोंदवा. 1999 च्या कायद्यानुसार एकटा शेतकरी अर्ज करू शकत नाही. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो. अर्जाचे नमुने आणि प्रतिज्ञापत्र वकील करून देतो.

खरी कसोटी पुढे आहे. गुण आणि जागा यांचा संबंध दाखवावा लागतो. आमच्या भाजीच्या पहिल्या अर्जात आम्ही ‘पूर्वापार प्रसिद्ध, अतिशय चविष्ट’ असं चार पानं लिहिलं. हरकतींचं पत्र आलं: चव या गावामुळे आहे, याला आधार काय? वर्ष वाया गेलं. ‘नाव प्रसिद्ध आहे, काम होईल’ असं सांगणाऱ्याचं कृपा करून ऐकू नका.

मला वाट दाखवली कॉफीने. मॉन्सून्ड मलबारचं बी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर दमट वाऱ्यावर पसरतात. ते फुगतं, हिरवा रंग जाऊन फिकट होतं, आंबटपणा उतरतो. तो वारा नसेल तर ती कॉफीच होत नाही. तुमच्या पिकाबद्दल असं एक वाक्य लिहिता येईपर्यंत अर्ज पाठवू नका. गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीचंही तसंच: ती डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. माती तपासून घ्या, शेजारच्या गावातलं तेच पीक आणून दोन्हींची तुलना करा, आकडे जोडा. जुना पुरावा पणजीच्या पुराभिलेखागारात शोधा. पोर्तुगीज कागद असेल तर भाषांतरासह द्या.

नकाशाची हद्द सोयऱ्याधायऱ्यांसाठी वाढवू नका. 2019 मध्ये नोंदलेल्या पाच कॉफींची नावं बघा: कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू खोरं यांची अरेबिका, वायनाडची रोबस्टा. प्रदेशही नेमका, जातही नेमकी. ‘गोव्याची भाजी’ म्हणाल तर मातीचा मुद्दाच सुटतो.

पुढे तपासणी, मग नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी. त्यानंतर विरोधासाठी तीन महिने असतात, मागितल्यास आणखी एक.

प्रमाणपत्र आलं की हारतुरे होतात आणि फाईल कपाटात जाते. हे मला फार खटकतं. नाव वापरायला प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करायची असते. ती नसेल तर म्हापशाच्या बाजारात बाहेरचा माल तुमच्या नावाने विकला जात असताना तुमचा शेतकरी स्वतः दावा लावू शकत नाही. मी प्रमाणपत्राच्या आठवड्यातच वाड्यावाड्यांवर अर्ज भरून घेतो. नोंदणी दहा वर्षांची असते. नूतनीकरणाची तारीख संघटनेच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.