बेस वाढवूनही आवाज पोकळच? इक्वलायझरला हात लावण्याआधी या चुका टाळा

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये मी हौसेने चार नवीन स्पीकर बसवून घेतले, आणि घरी येईपर्यंत मला कंपनीच्या मूळ स्पीकरची आठवण येऊ लागली. आवाज मोठा होता, पण पोकळ. तबल्याचा डग्गा तर ऐकूच येईना. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, बेस प्लस पाचवर करा, लाउडनेस चालू करा, स्पीकर अजून मोकळे व्हायचेत." मी दोन आठवडे स्पीकर मोकळे व्हायची वाट पाहिली. मग एका रविवारी सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे फिरवला आणि दचकलो, कारण बेस होता! उजवीकडे फिरवला, तिथेही होता. मध्यावर आणला की गायब.

गाडीच्या साउंडमधली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त आढळणारी चूक. एका दाराच्या स्पीकरला प्लस-मायनस उलटे जोडलेले असतात. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बॅलन्सची ही युक्ती दहा सेकंदांची आहे, म्हणून नवीन काम करून घेतलं की दुकानाबाहेर पडण्याआधीच करून बघा. खात्री करायची तर स्पीकरच्या वायरी हेडयुनिट (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) किंवा ॲम्पपासून (सिग्नलला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) पडदा बाहेर उसळला पाहिजे. आत गेला तर वायर उलटी. वायर सोडवल्याशिवाय हा प्रयोग करू नका, नाहीतर सेलचा करंट ॲम्पच्या आउटपुटमध्ये जाईल. ट्वीटरवर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) तर करूच नका.

इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या, वाईट नाही, फक्त त्याचा नंबर शेवटचा आहे. आपण मात्र पहिल्या दिवशी तिथेच जातो, कारण तो स्क्रीनवर दिसतो आणि बोटाने हलतो. दारामागची वायर दिसत नाही. परिणामी उलटी वायर, किणकिणणारं दार, चुकीचा गेन असं सगळं त्याच पट्ट्यांनी झाकायचा खटाटोप सुरू होतो.

त्याआधी मोबाइल बघा. व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरत आलेलं गाणं लावून सिस्टीम जोखू नका. मोबाइलमधला इक्वलायझर, 'थ्रीडी' किंवा 'सराउंड' असले पर्याय बंद करा. हेडयुनिटमध्येही 'रॉक', 'पॉप' वगैरे काहीतरी लावलेलं असतंच, ते फ्लॅटवर आणा. ब्लूटूथवर ऐकत असाल तर मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून हेडयुनिटवरून कमी-जास्त करा. ट्यूनिंगच्या दिवशी तरी चांगली फाइल पेन ड्राइव्हवर घालून यूएसबीवरून लावा, म्हणजे एक शंका कमी.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्प लावलेल्या दहा गाड्या ऐकल्या तर बहुतेकींचा गेन नको तितका वर असतो, असा माझा अनुभव आहे. दुकानात गिऱ्हाईक खूश व्हायला आवाज दणदणीत लागतो, म्हणून गेनचं बटण तीन-चतुर्थांश फिरवून देतात. खरं तर हेडयुनिटमधून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवण्यापुरतंच ते बटण असतं. माप चुकलं की ॲम्प आपल्या ताकदीबाहेर जातो आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. आवाज फाटतो, कर्कश होतो आणि ट्वीटर तापतो. माझा एक ट्वीटर असाच गेला, आणि "स्पीकरच हलका होता" असं म्हणत मी त्याच गेनवर दुसरा लावला. तोही गेला.

मल्टिमीटर असेल तर गेन घरी लावता येतो. स्पीकरच्या वायरी ॲम्पमधून काढा. इंजिन चालू ठेवा, कारण बंद गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते आणि चालू गाडीत चौदाच्या जवळ. अर्थात बंद गॅरेजमध्ये हे करायचं नाही. बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. हेडयुनिट साधारण तीन-चतुर्थांश व्हॉल्यूमवर, म्हणजे ४० पैकी ३० वर. आता टेस्ट टोन लावा. सबवूफरसाठी (सगळ्यात खालचे सूर वाजवणारा डिकीतला स्पीकर) ५० हर्ट्झ, दारांसाठी १०० ते २०० हर्ट्झ, तेवढ्यापुरते सूर अडवणारे फिल्टर बंद ठेवून. पुष्कळ ठिकाणी दारांसाठी हजार हर्ट्झ सांगतात, पण आपल्याकडचे स्वस्त मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात, तितक्या वर बरेच गंडतात.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटवर धरा. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. चॅनेलला ५० वॉट आणि स्पीकर ४ ओहमचा असेल तर २०० चं वर्गमूळ, म्हणजे १४.१ व्होल्ट. ७५ वॉट असेल तर १७.३. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत तिथे थांबायचं. वॉट आरएमएसचे, म्हणजे सतत देता येणारे, धरा. खोक्यावर ठळक छापलेले '१००० वॉट' ही कमाल आकड्याची जाहिरात असते, आरएमएस आत बारीक अक्षरात सापडतो. मल्टिमीटरला क्लिपिंग दिसत नाही, हे मान्य. हेडयुनिटच त्या व्हॉल्यूमला फाटत असेल तर ते स्क्रीनवर लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपलाच कळेल. तरी नुसत्या कानाच्या भरवशावर बटण फिरवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

क्रॉसओव्हर दोनदा लावू नका

दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ४० हर्ट्झ वाजवायला लावलं तर तो धापा टाकतो आणि वरचे सूरही गढूळ करतो. म्हणून सूर वाटून द्यायचे, त्यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. सबवूफर असेल तर दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), सबला ८० चा लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा), इथून सुरुवात करा. बेस डिकीतून येतोय असं ठळक जाणवलं तर सबचा लो-पास खाली आणा. बऱ्याचदा फसतं ते इथे: हेडयुनिटमध्येही ८० चा फिल्टर आणि ॲम्पवरही ८० चा. दोन्ही एकावर एक चढतात, उतार दुप्पट तीव्र होतो आणि नेमका डग्ग्याच्या पट्ट्यात खड्डा पडतो. एकाच ठिकाणी लावा, दुसरीकडे बंद ठेवा.

सबचा ० आणि १८० अंशांचा फेज स्विच (पडद्याची आत-बाहेरची दिशा उलटवणारा) ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच ठरवायचा. दुसऱ्याला डिकीपाशी उभं करून स्विच इकडून तिकडे करायला सांगा. ज्या बाजूला बेस भरीव आणि पुढून येतो, ती ठेवा.

दार आणि पाऊस

पत्र्याचं रिकामं दार हे स्पीकरसाठी वाईटच खोकं. पडद्याच्या मागून निघालेला आवाज भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. म्हणून ब्यूटाइलची कंप दाबणारी डॅम्पिंग शीट बाहेरच्या पत्र्यावर आतून चिकटवायची आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाकायची. या कामाला चार पैसे घालायला मी कधीच ना म्हणत नाही. महाग स्पीकर आणि उघडं दार यापेक्षा साधा स्पीकर आणि बंद दार मला केव्हाही चालेल.

पण दाराच्या तळाला निचऱ्याची बारीक भोकं असतात, ती झाकलीत तर मेलात. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतं आणि तिथूनच बाहेर पडतं. कोकणातला एक पावसाळा पुरतो. दारात डबकं, वळणावर खळखळ आणि वर्षभरात गंज. दाराच्या आतल्या ट्रिममागचा प्लास्टिकचा कागदही काढून फेकू नका. तो नुसता आवरण म्हणून नसतो, पाणी आतल्या ट्रिमपर्यंत येऊ देत नाही.

खडखड शोधायची असेल तर ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळू चढत जाणारा टोन लावा आणि हाताने एकेक जागा दाबत जा. माझ्याकडे गुन्हेगार मागची नंबर प्लेट निघाली. तिच्यामागे फोमचा तुकडा लावला, दहा रुपयांत काम झालं.

इंजिनबरोबर चढणारी शिट्टी

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून सूं आवाज चढतो? तो अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा. आरसीए केबल (हेडयुनिटमधून ॲम्पकडे सिग्नल नेणारी) ॲम्पमधून काढून बघा. शिट्टी थांबली तर घोटाळा पुढच्या बाजूला, म्हणजे हेडयुनिटचं अर्थिंग किंवा केबलचा मार्ग. नाही थांबली तर ॲम्पचं अर्थिंग तपासा. रंगावरच स्क्रू पिळलेला असतो. तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा, वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. मोबाइल ऑक्सला आणि चार्जरला एकदम लावल्यावरच गुणगुण येत असेल तर बाकी काही उघडू नका, चार्जर काढा.

बॅटरीकडून येणाऱ्या वायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. ॲम्पजवळ फ्यूज आहे म्हणून हा टाळणं म्हणजे मधल्या सगळ्या वायरला आगीची मोकळीक देणं. आणि ट्वीटर बसवायला पुढच्या खांबाचं प्लास्टिक कापू पाहणाऱ्याला आधी विचारा, आत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे का.

गायिका गुडघ्याजवळ

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून उजवा स्पीकर मांडीला लागून आणि डावा लांब. गाणारीण उजव्या गुडघ्याशी बसल्यासारखी ऐकू येते. लोक बॅलन्स डावीकडे ढकलतात. त्याने आवाजाची पातळी हलते, वेळ नाही. हेडयुनिटमध्ये टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायची सोय) असेल तर टेप घ्या आणि आपल्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. समजा डिकीतला सब १६० सेंटिमीटरवर, डावं दार १३५ वर, उजवं ९५ वर. सगळ्यात लांब सब, त्याला उशीर शून्य. डाव्याला २५ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे ०.७ मिलिसेकंद, उजव्याला ६५ चा, म्हणजे १.९. एवढे आकडे भरले की गाणारीण उठून डॅशबोर्डच्या मधोमध जाऊन बसते. मला हा क्षण अजूनही जादूचा वाटतो. शेजारच्या सीटवरच्याला मात्र आता बिघडलेलं ऐकू येतं, घरात त्यावरून थोडी बोलणी खावी लागतात.

आता इक्वलायझर. वाढवण्यापेक्षा कापा. ३ डेसिबल वाढवले की ॲम्पकडून दुप्पट ताकद मागितली जाते, १० वाढवले की दहापट. जे टोचतंय ते शोधून दोन-तीन डेसिबल खाली आणा. एखाद्या जागी बेसचा खड्डा असेल आणि पट्टी कितीही वर नेली तरी भरत नसेल, तर तिथे लाटा एकमेकांना मारताहेत. सोडून द्या किंवा सबचा फेज पुन्हा बघा. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून ऐकून बघा: जवारी गोड झिणझिणली पाहिजे, पत्र्यासारखी वाजली तर २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात काहीतरी जास्त आहे. पार्किंगमध्ये नेमका वाटणारा बेस हायवेवर टायरच्या घरघरीत बुडतो, म्हणून सबची पातळी चालत्या गाडीत, दुसऱ्याला बटण हाताळायला देऊन ठरवा.

हे सगळं झालं की प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी बॅटरीची वायर काढेल, आणि बऱ्याच हेडयुनिटमध्ये त्यानंतर परत 'रॉक' लागलेलं असतं.