क्रोममध्ये नीट, सफारीत वाकडं? पोझिशनिंगच्या या चुका टाळा

सीएसएसने (वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेने) पानावरचे डबे जागेवर बसवताना सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एखादा डबा, म्हणजे एलिमेंट, खाली सरकलेला दिसला की तेवढ्याच ब्राउझरसाठी मार्जिन-टॉप (वरची मोकळी जागा) उणे ३ पिक्सेल ठोकायचं आणि काम झालं म्हणायचं. पुढच्या अपडेटला परत बोंब. आता ब्राउझरमध्ये बग नसतात असं नाही, पण बहुतेक वेळा आपणच काहीतरी सांगायचं सोडलेलं असतं आणि ती गाळलेली जागा प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने भरतो.

म्हणजे बघा, पोझिशन ॲब्सोल्यूट दिलं (म्हणजे डबा नेहमीच्या ओळीतून बाहेर काढला) पण टॉप-लेफ्ट, म्हणजे वरून-डावीकडून किती अंतरावर, ते दिलंच नाही. मग ते एलिमेंट मुळात जिथे आलं असतं तिथेच बसतं, आणि ती जागा वरच्या मजकुराच्या उंचीवर ठरते. मराठी साइटला हे जास्तच नडतं, कारण वेबफॉन्ट (साइटसोबत उतरणारा फॉन्ट) नसेल तर विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर असं काहीतरी लागतं आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) नॉर्मल असली की प्रत्येक फॉन्टची ओळ वेगळ्या उंचीची. लाइन-हाइट १.६ वगैरे स्वतः द्या, पॅरेंटला, म्हणजे बाहेरच्या डब्याला, पोझिशन रिलेटिव्ह द्या, टॉप-लेफ्ट लिहा. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

दुसरी भानगड १०० व्हीडब्ल्यूची, म्हणजे डब्याला खिडकीची पूर्ण रुंदी देण्याची. विंडोजवर स्क्रोलबार जागा खातो पण व्हीडब्ल्यू मोजताना ती जागा वजा होत नाही, म्हणून पान आडवं हलतं, मॅकवर स्क्रोलबार सहसा वरून तरंगतो त्यामुळे तिथे बसलेल्या डेव्हलपरला काही दिसतच नाही. मग कोणीतरी रॅपरला (सगळं पान गुंडाळणाऱ्या डब्याला) ओव्हरफ्लो-एक्स हिडन (आडवं बाहेर आलेलं लपवा) लावतो, आडवं हलणं थांबतं, आणि दोन दिवसांनी "स्टिकी हेडर (स्क्रोल करतानाही वर चिकटून राहणारी पट्टी) चालत नाही" म्हणून तक्रारीचं वेगळं तिकीट येतं! चालणार कसं, तो रॅपरच आता स्क्रोल कंटेनर (आतला मजकूर सरकवणारा डबा) झाला आणि हेडर त्यालाच चिकटायला बघतंय. १०० व्हीडब्ल्यूच्या जागी १०० टक्के करा, अगदीच कापायचं असेल तर ओव्हरफ्लो क्लिप वापरा, त्याने डबा स्क्रोल कंटेनर होत नाही, पण ते सफारीत १६ पासूनच आहे.

पोझिशन फिक्स्ड दिलेला, म्हणजे स्क्रीनला चिकटवलेला पॉपअप भलतीकडेच उघडतोय? त्याच्या बाहेरच्या कुठल्यातरी डब्याला ट्रान्सफॉर्म (फिरवणं, सरकवणं) किंवा फिल्टर (धूसर करणं वगैरे) आहे का बघा. असेल तर फिक्स्ड स्क्रीनला सोडून त्या डब्याला धरतं. पॉपअप उचलून त्या डब्यांबाहेर थेट बॉडी टॅगमध्ये टाका.

आयफोनवर तळाचं बटण ॲड्रेस बारखाली दडतं ते १०० व्हीएचमुळे (स्क्रीनची पूर्ण उंची), कारण ती उंची बार आक्रसलेला असतानाची असते. त्याजागी १०० डीव्हीएच (बार लहान-मोठा होईल तशी बदलणारी उंची) द्या, सफारी १५.४ आणि क्रोम १०८ पासून चालतं, जुन्यांसाठी आधीच्या ओळीत व्हीएच राहू द्या.

डॉकटाइप (एचटीएमएल फाइलची पहिली ओळ) विसरू नका, नाहीतर पान क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या ब्राउझरच्या नियमांवर) जातं आणि मग कशाचंच गणित जुळत नाही.

आणि हो, आयफोनवरच्या क्रोममध्ये बघून "क्रोममध्ये तपासलं" असं क्लायंटला कळवू नका, भारतात मिळणाऱ्या आयफोनवर तेसुद्धा आतून वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन असतं.