नाक दाबून शेंगाचटणी

सोलापुरात शेंगाचटणी घरात असतेच. नाक चिमटीत घट्ट धरा, मगच पाव चमचा चटणी जिभेवर ठेवा. तोंड मिटून, श्वास रोखून 10 सेकंद चावा. हसलात की ठसका! मीठ कळेल, तिखट झोंबेल, पण भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं गायब. आता न गिळता नाक सोडा आणि नाकातूनच श्वास बाहेर टाका. वास घशामागून नाकात चढतो नि चव एकदम उमलते. तिखट आधीही लागलं, कारण ती चव नव्हे, जळजळ आहे. फरक जाणवला नाही तर बहुधा चिमूट सैल होती. सर्दीत प्रयोग फसतोच. दुसऱ्या खेपेआधी दही-भाकरीचा घास घ्या. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही.